विजेचा खटका : जुन्या वास्तूतील एक उपेक्षित साधन व त्याच्या बदलाचा प्रश्न

वास्तूचा इतिहास लिहिताना अभ्यासक शिलालेख, नकाशे, कागदपत्रे व बांधणीची शैली यांचा आधार घेतो. भिंतीवरील विजेच्या खटक्याकडे मात्र त्याची दृष्टी क्वचितच वळते. जुन्या इमारतीची डागडुजी निघाली म्हणजे ज्या वस्तू प्रथम उखडून भंगारात टाकल्या जातात, त्यांत हा खटका असतो. तो काढणे पुष्कळदा अपरिहार्यही असते; कारण झिजलेला खटका प्रसंगी आगीला निमंत्रण देतो. परंतु सुरक्षिततेच्या नावाखाली त्यासोबत जो पुरावा नाहीसा होतो, तो पुन्हा मिळविता येत नाही. या साधनात काय बदलावे आणि काय राखावे, याचा विवेक त्याच्या इतिहासावरूनच करता येतो, हे दाखविणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

घरगुती विजेच्या आरंभकाळी खटक्याला ठरलेले असे रूपच नव्हते. इंग्लंडच्या ईशान्य भागातील नॉर्थम्बरलंड परगण्यात विल्यम आर्मस्ट्राँग या उद्योगपतीचे क्रॅगसाइड नावाचे निवासस्थान आहे. तेथे १८७८ साली पाण्याच्या शक्तीवर वीज निर्माण करून प्रथम कमानदीप लावण्यात आला, आणि १८८० साली जोसेफ स्वान याने तयार केलेले तापदीप बसविण्यात आले. ग्रंथालयातील काही दिवे मिनाकाम केलेल्या तांब्याच्या कलशांवर उभे होते. कलशाचा तळ पाऱ्यात टेकला की विजेचा मार्ग पुरा होई व दिवा लागे. कलश उचलला की दिवा मालवे. म्हणजे दिवा हाच स्वतःचा खटका होता. श्रीमंत संशोधकाच्या घरी हे कौतुकाचे ठरले, तरी सामान्य घरात पाऱ्याची पात्रे मांडून चालणारे नव्हते.

खरी अडचण दिवा लावण्याची नव्हती, तर मालविण्याची होती. प्रवाह चालू असताना दोन धातूंचे स्पर्शबिंदू एकमेकांपासून सावकाश दूर नेले, तर मधल्या फटीतील हवा तापून वाहक बनते व तेथे विजेची कमान पेटते. तिच्या उष्णतेने पितळ व तांबे वितळू लागते, लाकूड करपते. त्या काळी बहुतेक ठिकाणी एकदिश प्रवाहाचा पुरवठा होता, आणि एकदिश प्रवाहाची कमान सहजासहजी विझत नाही. या अडचणीवर १८८४ साली न्यूकॅसल येथील जॉन हेन्री होम्स याने उपाय शोधला. त्याच्या रचनेत स्पर्शबिंदू अलग करण्याचे काम मनुष्याच्या बोटाकडून काढून घेऊन स्प्रिंगकडे सोपविले होते. बोटाने दांडी कितीही हळू फिरविली, तरी ठराविक मर्यादेनंतर स्प्रिंग एकदम सुटते व स्पर्श झटक्यासरशी तुटतो. कमानीला वाढण्यास अवधीच मिळत नाही. जुन्या खटक्याचा तो ठसठशीत आवाज म्हणजे या तोडणीचाच आवाज होय. मराठीत या साधनाला ‘बटण’ व ‘खटका’ असे दोन शब्द रूढ झाले. त्यांपैकी दुसऱ्याने तो नाद नेमका टिपला आहे, असे म्हणावयास हरकत नाही.

हिंदुस्थानात विजेची साधने प्रामुख्याने ब्रिटिश पद्धतीने आली. कलकत्त्यास १८९९ साली सार्वजनिक पुरवठा सुरू झाला. मुंबईत बॉम्बे इलेक्ट्रिक सप्लाय अँड ट्रामवेज कंपनी १९०५ साली स्थापन झाली, आणि १९१५ साली खोपोलीची जलविद्युत मुंबईस पोहोचली. दांडी खाली केली म्हणजे दिवा लागतो, ही आपल्याला स्वाभाविक वाटणारी रीत ब्रिटिश आहे. अमेरिकेत ती नेमकी उलट आहे. चिनी मातीचा तळ, त्यावर पितळी घुमट, मध्यभागी लहानशी दांडी आणि या सर्वांस आधार देणारा गोल लाकडी ठोकळा, असे जुन्या टंबलर खटक्याचे रूप असे. लिओ बेकलंडने १९०९ साली जाहीर केलेल्या बेकेलाइटने पुढे पितळेची जागा घेतली. हा पदार्थ स्वतःच वीजरोधक असल्याने आवरणाला धक्का बसण्याचे भय कमी झाले.

येथे अभ्यासकाने एक सावधगिरी बाळगावयास हवी. खटक्यावरून इमारतीचा काळ ठरविता येत नाही. फार तर तेथील एखाद्या दुरुस्तीचा काळ सुचविता येतो. एकोणिसाव्या शतकातील वाड्यात बेकेलाइटचा खटका दिसला, तर तो वाड्याविषयी नव्हे, तर वीज केव्हा आली वा केव्हा बदलली याविषयी बोलतो. त्याहून मोलाची साक्ष त्याच्या जागेची असते. दिवाणखान्यात पितळी व चाकरांच्या खोलीत साधा खटका असेल, दाराच्या आत आहे की बाहेर, जमिनीपासून किती उंचीवर आहे, जिन्याच्या दोन्ही टोकांना आहे की एकाच, या बाबींतून घरातील माणसांचा वावर व दर्जा वाचता येतो. वारसा म्हणून इमारतीची नोंद होते तेव्हा बहुधा दर्शनी भाग पाहिला जातो. अशा अंतर्गत खुणा यादीबाहेर राहतात.

आता झिजेचा विचार करू. हजारो वेळा वापरल्यावर स्प्रिंगचा ताण मंदावतो. तोडणी सावकाश होऊ लागते, कमान अधिक काळ टिकते, स्पर्शबिंदूंवर खड्डे पडतात, रोध वाढतो, उष्णता वाढते, आणि त्या उष्णतेने स्प्रिंग आणखी निर्जीव होते. दांडी अधांतरी अडकणे, चरचर आवाज येणे, आवरण कोमट लागणे, जळका वास येणे ही या अवस्थेची लक्षणे होत. अशी लक्षणे दिसल्यावर जतनाच्या भावनेने तो खटका वापरात ठेवणे सर्वथा अयोग्य आहे. शिवाय दोष बहुधा खटक्यापुरता नसतो. मागील तारांवरील जुने रबर ठिसूळ झालेले असते, पितळी आवरणाला भूमीजोड नसते, आणि कधी कधी खटका न्यूट्रल तारेवर बसविलेला आढळतो. मग दिवा मालवला तरी त्याच्या धारकात वीज राहते. म्हणून प्रथम पुरवठा बंद करून जाणत्या तंत्रज्ञाकडून संपूर्ण जोडणी तपासून घेणे, ही पहिली पायरी होय.

यानंतर खटक्याचे तीन भाग वेगळे मानावेत: तारा, अंतर्गत यंत्रणा व दर्शनी आवरण. पहिल्या दोहोंचे मूल्य मुख्यतः कार्याचे आहे. ते कार्य संपले की त्यांना बदलावे. तिसऱ्याचे मूल्य साक्षीचे आहे. ते शक्यतो राखावे. नवी यंत्रणा जुन्या आवरणाखाली बसविता येत असेल व धातूस भूमीजोड देता येत असेल, तर तोच मार्ग उत्तम. ते न साधल्यास जुना खटका प्रवाहातून पूर्णपणे तोडून जागेवरच ठेवावा व नवा शेजारी बसवावा. आज पुरवठा प्रत्यावर्ती प्रवाहाचा आहे. पन्नास आवर्तनांचा हा प्रवाह दर सेकंदास शंभर वेळा शून्यावर येतो व कमान आपोआप विझण्यास साह्य होते; म्हणूनच आधुनिक खटका हलका व जवळजवळ निःशब्द असू शकतो. जुन्याचा जडपणा हा मागासलेपणा नसून वेगळ्या प्रश्नाचे उत्तर होता, हे त्यामुळे उमगते.

१९६४ च्या व्हेनिस सनदेने दोन तत्त्वे सांगितली आहेत: नवा भाग मूळ वास्तूशी सुसंगत पण तिच्याहून ओळखता येण्याजोगा असावा, आणि प्रत्येक कामाची नोंद ठेवावी. ही तत्त्वे भव्य स्मारकांइतकीच भिंतीवरील खटक्यालाही लागू आहेत. आपल्या विद्यापीठांच्या व शासकीय कचेऱ्यांच्या जुन्या इमारतींत तारा बदलण्याची कामे सतत चालू असतात. पेचकस लावण्यापूर्वी प्रत्येक खटक्याचे छायाचित्र, जागा, उंची, घडण व त्यावरील निर्मात्याची खूण एवढे जरी टिपून ठेवले आणि प्रत्येक प्रकारचा एक नमुना जपला, तरी पुढील अभ्यासकास पुरेसे साधन मिळेल. या कामास खर्च नगण्य आहे. हवी आहे ती केवळ इतिहासाच्या विद्यार्थ्याने तारतंत्र्यासोबत दोन दिवस उभे राहण्याची तयारी.