जीर्णोद्धाराचा हिशेब

‘चार आण्यांची कोंबडी आणि बारा आण्यांचा मसाला’ ही म्हण ज्यानें प्रथम उच्चारली त्यानें मोटार पाहिलेली नसावी. परंतु जुन्या मोटारीचा जीर्णोद्धार करूं पाहणाऱ्या गृहस्थास ती जितकी चपखल लागू पडते, तितकी दुसऱ्या कोणास क्वचितच पडत असेल. आम्हांस या म्हणीची आठवण झाली ती पोलादपूर येथें. गेल्या हिवाळ्यांत महाडाहून महाबळेश्वरास जात असतां, आंबेनळीच्या घाटास लागण्यापूर्वीं चहा घेण्यासाठीं आम्ही पोलादपूरच्या नाक्यावर थांबलों होतों. तेथें एका लहानशा गॅरेजापुढें दहावीस माणसांचा घोळका जमला होता, आणि त्याच्या मध्यभागीं एक ठेंगणी, दोन आसनांची, तारांच्या आऱ्यांचीं उंच चाकें असलेली हिरवी इंग्रजी मोटार आपलें बॉनेट उघडून उभी होती. गॅरेजांतील तरुण मिस्त्री एकामागून एक पाना लावून पाहत होता व प्रत्येक वेळीं मान हलवीत होता. इतक्यांत घोळक्यांतील एका म्हाताऱ्या शेतकऱ्यानें मालकास सरळच विचारलें, “साहेब, हिला नवी करायला किती पडले?” मुंबईचे ते गृहस्थ हंसून म्हणाले, “बाबा, हा प्रश्न माझ्या घरांत कोणी विचारीत नाहीं, म्हणून तर बरें चाललें आहे!”

सर्व हंसले, पण प्रश्न अनुत्तरितच राहिला, आणि प्रश्न तर रास्त होता. त्याचें उत्तर रुपयांच्या एकाच आंकड्यांत देतां येणार नाहीं, कारण प्रत्येक मोटारीचा आंकडा निराळा. परंतु हा पैसा जातो कोठें, आणि तो इतका कां लागतो, हें सांगतां येण्यासारखें आहे. आणि तें सांगूं लागलें असतां गोष्ट मोटारीपुरती राहत नाहीं.

ती गाडी एम. जी. कंपनीची ‘टी. सी.’ या नांवाची होती. ‘एम. जी.’ हीं ‘मॉरिस गॅरेजेस’ या ऑक्सफर्ड येथील दुकानाच्या नांवाचीं आद्याक्षरें. सायकलींच्या धंद्यापासून आरंभ करून पुढें लॉर्ड नफील्ड झालेले विल्यम मॉरिस यांच्या मालकीचें हें दुकान. त्याचा व्यवस्थापक सेसिल किंबर यानें १९२० नंतरच्या दशकांत साध्या मॉरिस गाड्यांच्या चासीवर हलकी व डौलदार बॉडी चढवून विकण्यास आरंभ केला, आणि त्यांतून या क्रीडा-मोटारींचा वंश जन्मास आला. दुसरें महायुद्ध संपतांच, १९४५ सालीं, ‘टी. सी.’ बाहेर पडली व १९४९ पर्यंत अशा सुमारें १०,००० गाड्या तयार झाल्या. इंजिन १२५० घन सेंटिमीटरांचें व शक्ति ५४ अश्वांची. आजच्या साध्या कौटुंबिक गाडीपुढेंही हें बळ थोडेंच. युद्धानें खंक झालेल्या इंग्लंडास त्या वेळीं परकी चलनाची निकड होती. म्हणून या गाड्यांचा मोठा भाग परदेशीं धाडण्यांत आला, आणि कांहीं आपल्याही देशांत उतरल्या.

येथें त्यांच्या नशिबीं जें आलें तें समजण्यास आपल्या उद्योगाचा थोडा इतिहास आठवावा लागतो. मुंबईस शिवडी येथें जनरल मोटर्स या अमेरिकन कंपनीनें १९२८ सालीं गाड्या जोडण्याचा कारखाना काढला होता. सोलापूरचे वालचंद हिराचंद यांनीं १९४४ सालीं प्रीमियर ऑटोमोबाइल्स कंपनी स्थापिली व कुर्ल्यास तिचा कारखाना उभा राहिला. स्वातंत्र्यानंतर सरकारचें धोरण असें ठरलें कीं, जो येथें सुटे भाग घडवील त्यानेंच येथें गाड्या विकाव्या. नुसती जोडणी करणाऱ्यांस थारा नाहीं. जनरल मोटर्सनें १९५४ सालीं आपला कारखाना बंद केला. हें धोरण देशाच्या दृष्टीनें समजण्याजोगें होतें, कारण परकी चलन धान्यास व यंत्रसामग्रीस हवें होतें. हौशी माणसाच्या मोटारीस तें कोण देणार? परंतु त्यामुळें आधींच येऊन पडलेल्या विलायती गाड्यांची नाळ तुटली. पुढें कित्येक दशकें या गाड्या जगल्या त्या आमच्या मिस्त्रीलोकांच्या अकलेवर. फियाटचा कार्बोरेटर, अँबॅसडरचा दिवा, ट्रकची स्प्रिंग, जें हातीं लागेल तें कापून, ठोकून, वेल्डिंग करून त्यांनीं गाडी चालती ठेवली.

आज जीर्णोद्धार करणारा प्रथम काय करतो? तर मिस्त्रीनें घातलेलें हें सारें काढून टाकतो! ज्या हातांनीं गाडी जगविली त्यांच्याच कामास तो ‘बिघाड’ म्हणतो, आणि तो काढण्याचे पैसे मोजतो. खर्चाचें पहिलें कलम हें असें आहे, आणि तें भरतांना कृतज्ञतेचे दोन शब्द बोलण्याची आठवण फार थोड्यांस होते.

दुसरें कलम लांकडाचें. मोटारीच्या अंगांत लांकूड असतें हें आमच्या तरुण वाचकांस नवल वाटेल, परंतु ‘टी. सी.’चा पत्रा लोखंडी असला तरी आंतला सांगाडा ॲश नांवाच्या लांकडाचा असतो. ज्याच्या क्रिकेटच्या यष्ट्या करतात तेंच हें थंड देशांतील चिवट लांकूड. महाड-पोलादपुराकडे वर्षास शंभर इंचांहून अधिक पाऊस पडतो, व मुंबईची खारी दमट हवाही त्यास मानवत नाहीं. बाहेरून रंग झगझगीत असतां आंतून सांधे कुजतात. दार खालीं ओघळतें. मग तें नीट लागावें म्हणून कोणी पत्रा ठोकतो, आणि एका रोगाचे दोन होतात. हा सांगाडा पुन्हां करावयाचा तर असा सुतार पाहिजे कीं जो सरळ रेषेचा गुलाम नाहीं. एक तुकडा तासावा, बसवावा, दार लावून पाहावें, फट चुकली कीं पुन्हां काढावा. असे दिवसच्या दिवस जातात. लांकडाची किंमत थोडी, दिवसांची मोठी.

तिसरें कलम आट्यांचें, आणि पोलादपूरच्या मिस्त्रीस अडविलें तें यानेंच. नट-बोल्टाचे आटे एकसारखे असावे ही कल्पना सर जोसेफ व्हिटवर्थ यांनीं १८४१ सालीं इंग्लंडांत मांडली, व त्यांच्या मापाचे पाने त्या देशांत सर्वत्र चालूं लागले. परंतु मॉरिस यांच्या गाड्यांचीं इंजिनें कॉव्हेंट्री येथील ज्या कारखान्यांत होत, तो पूर्वीं हॉचकिस या फ्रेंच कंपनीचा होता. तेथील यंत्रें फ्रेंच मापाचीं, म्हणून आटे मीटर-पद्धतीचे. आणि इंग्रज कारागिराजवळ पाने व्हिटवर्थचे, म्हणून बोल्टांचीं डोकीं मात्र इंग्रजी! आज बाजारांत मिळणारा बोल्ट आट्यांत बसला तरी डोक्यानें चुकतो, आणि आजचा पाना तर डोक्यावर बसतच नाहीं. मग एकेक बोल्ट लेथवर कातून घ्यावा लागतो. जो बोल्ट पेटीनें विकत मिळाला असता, तो असा नगानें घडवावा लागला म्हणजे त्याची किंमत काय होते, हें कोणाही गृहिणीस सांगणें नलगे.

मुलाम्याचें, गादीकामाचें, टपाच्या कापडाचें, रंगाचें, अशीं आणखी कलमें आहेत. परंतु सर्वांचें सार एकच. जीर्णोद्धाराचा पैसा धातूंत जात नाहीं. तो माणसांच्या तासांत जातो, आणि ते तासही अशा माणसांचे कीं ज्यांची संख्या दरसाल घटत आहे. याचें एक ठळक उदाहरण इंग्लंडांतील जग्वार कंपनीचें आहे. तिची ‘ई-टाइप’ ही सुप्रसिद्ध क्रीडा-मोटार १९६१ सालीं निघाली तेव्हां उघड्या टपाच्या गाडीची किंमत करासह २,०९७ पौंड होती. त्याच कंपनीनें २०१७ सालीं जुन्या ‘ई-टाइप’ शोधून, त्या पुरत्या सोडवून, मूळच्याप्रमाणें करून विकण्यास काढल्या. त्यांची किंमत २,८५,००० पौंडांपासून पुढें! मधल्या काळांत पौंडाची किंमत घसरली हें खरें. तरी तो हिशेब धरूनही जुनी गाडी ‘नवी’ करणें हें नवी गाडी करण्याच्या कित्येक पट महाग पडलें. कारखान्यांत दार शेंकड्यानें घडत होतें, येथें तें एकेक घडवावें लागतें.

येथपर्यंत खर्चाची गोष्ट झाली. परंतु इतकें करून जें उभें राहतें तें जुनेंच असतें काय? हा वाद मोटारीहून पुरातन आहे. ज्या १८७७ सालीं मोटारवाले विल्यम मॉरिस जन्मले, त्याच सालीं त्यांच्याच नांवाच्या एका दुसऱ्या गृहस्थांनीं, म्हणजे कवि व कारागीर विल्यम मॉरिस यांनीं, लंडनमध्यें प्राचीन इमारतींच्या रक्षणासाठीं एक मंडळी स्थापन केली. त्यांचा राग उपेक्षेपेक्षांही जीर्णोद्धारावर अधिक होता. जुनें देऊळ खरवडून नवेंकोरें करणारे लोक त्यांतील इतिहासच खरवडून टाकतात. त्यापेक्षां वेळच्या वेळीं गळती बुजवा, टेकू द्या, रोजची निगा राखा, असें त्यांचें म्हणणें होतें. एका मॉरिसच्या दुकानांतून निघालेल्या गाड्यांस आज दुसऱ्या मॉरिसचा उपदेश लागू करावा लागत आहे, हा योगायोग मोठा मौजेचा आहे. जुन्या मोटारींच्या आंतरराष्ट्रीय महासंघानें स्वीकारलेली तुरीनची सनदही याच विचाराची आहे: मूळचें जेथवर टिकेल तेथवर राखावें, आणि बदलावें तें अगदीं निरुपायानें. आपल्या केंद्र सरकारच्या २०२१ सालच्या नियमांतही ५० वर्षांवरील गाडीची ‘व्हिंटेज’ म्हणून नोंद होण्यास तिची चासी, बॉडी वा इंजिन यांत मोठा फेरफार झालेला नसावा, अशी अट आहे. या नियमांप्रमाणें नव्या नोंदणीची फी २०,००० रुपये ठेवण्यांत आली. एकंदर खर्चापुढें ती मिठाइतकीच समजावी.

तेव्हां पोलादपूरच्या म्हाताऱ्यास खरें उत्तर असें देतां येईल: बाबा, हे पैसे गाडीचे नव्हेत, पन्नास वर्षें जें केलें नाहीं त्याचें हें व्याज आहे. ज्या वर्षीं टप फाटला त्या वर्षीं तो शिवला असता, तर लांकूड कुजलें नसतें.

ही गोष्ट महाडकरांस समजावून सांगण्याची गरज नाहीं. महाडापासून सुमारें २५ किलोमीटरांवर रायगड आहे. १८१८ सालीं इंग्रजांच्या तोफांच्या भडिमारांत गडावरील वाडे जळाले, आणि पुढें शिवछत्रपतींच्या समाधीवर झाडझाडोरा माजला. १८८३ सालीं जेम्स डग्लस या इंग्रज लेखकानें आपल्या पुस्तकांत या उपेक्षेबद्दल जाहीर हळहळ व्यक्त केली. सरकारनें समाधीच्या निगेसाठीं रक्कम मंजूर केली ती वर्षाला ५ रुपये! १८९५ सालीं लोकमान्य टिळकांनीं या कामासाठीं फंड उभारण्यास आरंभ केला. तरी प्रत्यक्ष जीर्णोद्धार होण्यास आणखी सुमारें तीस वर्षें लोटलीं. आम्ही मोटारीची तुलना समाधीशीं करीत नाहीं. तसें करणें औचित्याचा भंग होईल. परंतु उपेक्षेचा हिशेब दोन्हीकडे एकाच रीतीनें वाढतो. आणि कधीं कधीं तो रुपयांत फिटतही नाहीं. महाडजवळ सावित्रीवरील १९२८ सालचा पूल २ ऑगस्ट २०१६ च्या रात्रीं महापुरांत कोसळला व एस. टी.च्या दोन गाड्या उतारूंसह वाहून गेल्या. नवा पूल पुढच्याच जून महिन्यांत वाहतुकीस खुला झाला. पूल परत बांधतां आला. त्या रात्रींचे उतारू परत आले नाहींत.

असो. पोलादपूरच्या नाक्यावर शेवटीं काय झालें तें सांगून हा लेख पुरा करूं. तरुण मिस्त्रीनें हार मानली, पण फोन करून महाडाहून आपल्या उस्तादांस बोलावून घेतलें. तासाभरानें सत्तरी उलटलेले एक गृहस्थ एस. टी.नें उतरले. त्यांच्या कांखेंत तेलकट फडक्याची एक गुंडाळी होती. तींत आठदहा जुने इंग्रजी पाने होते. विहिरींवरील जुन्या इंग्रजी इंजिनांवर आपण हें काम शिकलों, असें ते म्हणाले. दुसराच पाना बोल्टावर बरोबर बसला. वीस मिनिटांत काम झालें. मालकांनीं विचारलें, “काका, किती द्यायचे?” त्यांनीं २०० रुपये सांगितले. मालकांनीं अधिक पुढें केले, तेव्हां त्यांतले २०० तेवढे ठेवून बाकीचे त्यांनीं परत दिले.

आम्हीं त्यांस विचारलें, “हे पाने पुढें कोणाकडे जाणार?” ते म्हणाले, “भंगारांत. हा पोरगा हुशार आहे, पण त्याला हे शिकवायला गाड्याच येत नाहींत. आणि गाडी येईपर्यंत त्यानें काय खावें?” या प्रश्नास आमच्याजवळ उत्तर नव्हतें. तें मोटारींच्या मालकांनीं द्यावयाचें आहे. जे लोक एका गाडीच्या मुलाम्यावर लाखांनीं खर्च करतात, त्यांनीं गांवोगांवच्या अशा उस्तादांजवळ एकेक पोरगा शिकाऊ म्हणून ठेवून त्याचा पगार भरला, तर तो त्यांच्या हिशेबांत दिसणारही नाहीं. तसें झालें नाहीं, तर आणखी वीस वर्षांनीं पैसे असतील, गाडी असेल, आणि पाना लावणारा हात मात्र कोठल्याही किंमतीस मिळणार नाहीं.

उस्तादांनीं पाने पुन्हां फडक्यांत बांधले. गाडी सुरू झाली, आणि तो तरुण मिस्त्री तिच्या आवाजाकडे कान देऊन ती घाटाच्या वळणाआड जाईपर्यंत तेथेंच उभा राहिला.