अक्कलखात्यावरचा दावा

१८४० च्या दशकात मुंबईत अफूचे दोन बाजार होते. एक डोळ्यांना दिसणारा. माळव्याची अफू पेट्यांत भरून बंदरावर यायची आणि जहाजातून चीनला जायची. दुसरा बाजार हवेतला. कलकत्त्याला ईस्ट इंडिया कंपनी पाटण्याच्या अफूचा लिलाव करी. पुढच्या लिलावात पेटीला सरासरी काय भाव निघेल यावर मुंबईतले व्यापारी पैज लावत. पेटी कोणी घेत नसे, कोणी देत नसे, पाहतही नसे. ठरल्यापेक्षा भाव चढला तर एकाने फरक मोजायचा, उतरला तर दुसऱ्याने. तारायंत्र यायला अजून काही वर्षे होती, त्यामुळे कलकत्त्याची डाक येईपर्यंत कोण तरला आणि कोण बुडाला हे कोणालाच कळत नसे.

यातलीच एक पैज कोर्टात गेली. रामलाल ठाकूरसीदास या व्यापाऱ्याच्या नावाने ओळखला जाणारा हा खटला मुंबईच्या सुप्रीम कोर्टातून थेट लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपर्यंत पोचला. प्रश्न साधा होता. हा व्यवहार नव्हे, निव्वळ पैज आहे. मग कोर्टाने तिची वसुली करून द्यायची का? इंग्लंडच्या पार्लमेंटने तीनच वर्षांपूर्वी, १८४५ मध्ये, पैजेचे करार कोर्टाबाहेर काढले होते. पण तो कायदा समुद्र ओलांडून हिंदुस्थानात आलेला नव्हता, आणि जुन्या इंग्लिश रिवाजाप्रमाणे पैज हाही एक करारच होता. १८४८ मध्ये निकाल देताना न्यायमूर्तींनी आपली नाखुशी लपवली नाही, तरी कायदा आहे तसा लावला: पैजेच्या पैशासाठी दावा चालतो. त्याच वर्षी कलकत्त्याच्या सरकारने एकविसावा कायदा करून ही वाट बुजवली. पण आधीच दाखल झालेल्या दाव्यांना तो लागू नाही, असे प्रिव्ही कौन्सिलने १८५० मध्ये सांगितले, तेव्हा जुन्या पैजा तशाच रेंगाळत राहिल्या.

या साऱ्या प्रकरणात कोर्टाच्या दारात कोण उभा आहे हे पाहण्यासारखे आहे. उभा आहे तो जिंकलेला. हरलेला एवढेच म्हणतो की मी देणार नाही. ‘दिलेले परत द्या’ असे म्हणणारा माणूस मुंबईच्या कायद्याच्या इतिहासात अजून यायचा होता.

त्याच्या आधी आले १८६५ साल. अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे लँकेशायरच्या गिरण्यांना तिथला कापूस मिळेना, मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला आणि त्या पैशावर शेअरचे वेड माजले. बॅकबे रेक्लमेशनचा पाच हजारांचा शेअर पन्नास हजारांच्या घरात गेला. शेअरदलाल प्रेमचंद रायचंद यांचा शब्द बाजारात कायदा मानला जाई. एप्रिलमध्ये युद्ध संपले, कापूस कोसळला, आणि १ जुलै १८६५ रोजी वायद्यांची मुदत भरली तेव्हा शहराचे दिवाळे वाजले. नेमक्या त्याच वर्षी मुंबई इलाख्याने पैजेविषयी आपला वेगळा कायदा केला. इतरत्र पैजेचा मूळ करार तेवढा रद्द होता. मुंबईने त्या पैजेला हातभार लावणारे करारही रद्द केले. म्हणजे दलालालाही दलालीसाठी कोर्टाचे दार बंद.

मग १८७२ चा भारतीय करार कायदा आला. त्याचे तिसावे कलम आजही जागेवर आहे: पैजेचा करार शून्यवत, आणि पैजेत जिंकले म्हणून काही वसूल करायला दावा लावता येणार नाही. अपवाद एकच. घोड्यांच्या शर्यतीत जिंकणाऱ्याला द्यायचे पाचशे रुपये किंवा त्याहून मोठे बक्षीस. घोड्यांचा शौक कोणाला होता हे सांगायला नकोच.

कलम वाचताना वाटते की हे हरणाऱ्याच्या बाजूने आहे. तसे ते अर्धेच आहे. ज्याने अजून पैसे मोजलेले नाहीत तो सुटला. ज्याने घरातले दागिने मोडून मोजले, त्याला परत मिळवून देणारा एकही शब्द त्यात नाही. मराठीत असा गेलेला पैसा अक्कलखाती जमा होतो. १८७२ पासून या खात्याला सरकारी मान्यता आहे म्हणायला हरकत नाही.

कोर्टाचे दार बंद झाल्याने सट्टा थांबला नाही. तो पावसावर गेला. १८८० च्या दशकात ठरलेल्या वेळात छपरावरची मोरी वाहील की नाही यावर मुंबईत पैसे लागत. ढगांकडे पाहून भाव सांगणारे जाणकारही असत. पोलिसांनी १८८७ च्या जुगार प्रतिबंधक कायद्याखाली खटले भरले, पण पाऊस पडणे म्हणजे फासे टाकणे नव्हे, हे या कायद्यात बसत नाही, असा निकाल उच्च न्यायालयाने १८८९ मध्ये दिला. पुढच्याच वर्षी कायदा बदलून पावसालाही आत घेतले गेले. विसाव्या शतकात पावसाची जागा न्यूयॉर्कच्या कापूस बाजारातून येणाऱ्या आकड्यांनी घेतली, आणि ते बंद झाल्यावर १९६२ पासून कल्याणजी भगत आणि पुढे रतन खत्री यांच्या मटक्याने. ओपन, क्लोज, पाना, पेटी हे शब्द गिरणगावातल्या पोरासोरांच्या तोंडी होते.

मटक्याचे एक वैशिष्ट्य मात्र मान्य करावे लागते. लाखोंचा व्यवहार चिटोऱ्यावर चाले आणि कोर्टात जाण्याची सोय कोणालाच नव्हती. तिसाव्या कलमाने जे अशक्य केले होते ते धंद्याने शब्दावर चालवले. जिंकलेल्याला पैसे पोचत, कारण न पोचले तर दुसऱ्या दिवशी दुकान बंद. हरलेल्याची तक्रार ऐकायला मात्र ना कोर्ट होते ना धंदा.

पैजेच्या तोट्याची वाटणी सर्वोच्च न्यायालयात गेल्याचे एक उदाहरण आहे. दोघा भागीदारांनी मिळून हापूडच्या व्यापाऱ्यांशी सट्टा केला. तोटा आला, एकाने सगळे पैसे भरले आणि दुसऱ्याकडे अर्धा वाटा मागितला. गेरुलाल पारख यांच्या नावाने प्रसिद्ध असलेल्या १९५९ च्या या निकालात न्यायमूर्ती सुब्बा राव यांनी बारीक फरक केला: पैजेचा करार शून्यवत असला तरी बेकायदा नाही, म्हणून तिच्याभोवतीची भागीदारी टिकते. अर्धा वाटा मिळाला. हेच मुंबई इलाख्यात घडले असते तर १८६५ च्या कायद्याने ती भागीदारीही गेली असती.

दिलेले पैसे परत मागण्याचा हक्क कायद्यानेच हरणाऱ्याच्या हाती दिला, अशी जागा शोधायची तर आणखी मागे, राणी ॲनच्या इंग्लंडमध्ये जावे लागते. १७१० च्या तिच्या कायद्यात लिहिले होते की एका बैठकीत दहा पौंड किंवा अधिक हरून चुकते करणाऱ्याने तीन महिन्यांत दावा लावावा आणि पैसे परत घ्यावेत. पुढची तरतूद आणखी मजेची. लाजेने म्हणा वा मैत्रीने, त्याने दावा लावला नाही तर कोणीही तिऱ्हाईत तो लावू शकतो, आणि तोही तिप्पट रकमेसाठी. त्यातले अर्धे दावा लावणाऱ्याचे, अर्धे त्या गावच्या गोरगरिबांचे. तरुण सरदारपुत्र जहागिरी फुंकून टाकत होते आणि जमीनदार घराणी हवालदिल झाली होती, त्या काळजीतून हा कायदा निघाला. गरिबांची आठवण शेवटी झाली, पण झाली.

इंग्लंडने पुढे ही सवलत काढून घेतली. ती जिवंत राहिली अमेरिकेत. केंटकी राज्याने १७९८ मध्ये त्याच धर्तीवर कायदा केला: चोवीस तासांत पाच डॉलर किंवा अधिक हरलेल्याने परत मागावे, त्याने न मागितले तर दुसऱ्या कोणीही तिप्पट मागावे. दोन शतके तो जवळजवळ धूळ खात पडला होता. मग राज्याच्या वकिलांच्या लक्षात आले की ‘दुसरे कोणीही’ म्हणजे खुद्द राज्य सरकारही असू शकते. पोकरस्टार्स या ऑनलाइन पत्त्यांच्या कंपनीत केंटकीच्या रहिवाशांनी २००६ ते २०११ या काळात सुमारे २९ कोटी डॉलर घालवले होते. न्यायालयाने त्याची तिप्पट केली, ८७ कोटी. वरच्या न्यायालयाने हा हुकूम रद्द केला, राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२० मध्ये तो पुन्हा कायम केला, आणि शेवटी २०२१ मध्ये पोकरस्टार्सच्या मालक कंपनीने ३० कोटी डॉलर देऊन प्रकरण मिटवले. राणी ॲनच्या सरदारपुत्रांसाठी लिहिलेले वाक्य तीनशे वर्षांनी इंटरनेटच्या कंपनीवर चालले. पैसे मात्र राज्याकडे गेले, पत्ते पिसणाऱ्यांच्या घरी नव्हे.

आता समोर जुगारी नव्हता, कंपनी होती. या बदलाने प्रश्नच बदलला. अफूच्या पैजेत दोघेही व्यापारी, दोघेही सारखेच अडाणी किंवा सारखेच शहाणे. कंपनीकडे ग्राहकाचे खाते असते, तो रात्री किती वाजता किती लावतो याची नोंद असते, आणि तो थांबला तर त्याला पुन्हा बोलावणारा नोकरही असतो. मग ‘तुम्हाला दिसत होते, तुम्ही मला थांबवायला हवे होते’ असा दावा उभा राहतो.

इंग्लंडमध्ये ग्रेहाउंड कुत्र्यांच्या एका प्रशिक्षकाने तो लावला. २००६ मध्ये विल्यम हिल या मोठ्या बुकी कंपनीकडे त्याचे एकवीस लाख पौंड गेले होते. एकट्या रायडर कप या गोल्फच्या लढतीत अमेरिका जिंकेल म्हणून त्याने साडेतीन लाखांच्या आसपास लावले, जिंकला युरोप. त्यापूर्वीच त्याने कंपनीला विनवले होते की माझे टेलिफोनवरचे खाते बंद करा, मला सहा महिने खेळू देऊ नका. कंपनीने कबूल केले आणि पाळले नाही. २००८ मध्ये लंडनच्या उच्च न्यायालयाने मान्य केले की एकदा शब्द दिल्यावर काळजी घेणे कंपनीचे कर्तव्य होते आणि ते चुकले. तरी भरपाई शून्य. कारण? इथे थांबवले असते तर हा माणूस दुसऱ्या बुकीकडे जाऊन हरलाच असता. वरच्या न्यायालयानेही हेच उचलून धरले. तर्क बिनतोड आहे आणि थंडगारही. व्यसन जितके खोल तितका दावा कच्चा, असा त्याचा अर्थ निघतो.

ऑस्ट्रेलियात मालमत्तेचा धंदा करणारे काकावास मेलबर्नच्या क्राउन कसिनोत चौदा महिन्यांत दोन कोटींहून अधिक डॉलर हरले. कसिनोने त्यांना आणायला खासगी विमानही पाठवले होते. माझा कमकुवतपणा ओळखून मला लुबाडले, हे त्यांचे म्हणणे देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये एकमताने फेटाळले. जो माणूस सवलती आणि अटी घासाघीस करून ठरवतो तो असहाय कसा, हा न्यायालयाचा सूर होता.

युरोपातल्या हरलेल्यांनी मग वेगळी वाट धरली, आणि ती चालली. ऑस्ट्रियात ऑनलाइन कसिनोची मक्तेदारी एकाच परवानाधारकाकडे. जर्मनीत १ जुलै २०२१ पर्यंत बहुतेक ठिकाणी असले कसिनो बंदच होते. माल्टाच्या परवान्यावर तिथे धंदा करणाऱ्या कंपन्यांवर खेळाडूंनी दावे लावले. व्यसनाचा शब्दही न काढता ते म्हणाले: तुम्हाला परवाना नव्हता, करार शून्यवत, माझे पैसे परत. कोर्टांनी पैसे परत करायला लावले, इतके की आपल्या कंपन्या वाचवायला माल्टाने जून २०२३ मध्ये खास कायदा केला आणि असले परदेशी निकाल आपल्या न्यायालयांनी मानू नयेत असे सांगितले. तो वाद युरोपीय न्यायालयापर्यंत गेला. ‘मला का नाही थांबवलेत?’ या हाकेला कोर्टाने क्वचितच ओ दिली. ‘तुम्हाला विकायचा हक्कच नव्हता’ याला दिली.

भारतात हे दुसरे वाक्यही फारसे चालत नाही, कारण इथे करार शून्यवत आहे हे दोघांना आधीच ठाऊक असते आणि दोघेही कोर्टाच्या दारातूनच माघारी फिरतात. सरकारांनी वेगवेगळे उपाय केले. महाराष्ट्राने १९६९ मध्ये स्वतःची लॉटरी काढली. १९७६ मध्ये कसिनोचा कायदा केला आणि तो एकदाही अमलात न आणता २०२३ मध्ये रद्द केला. गोव्याने मांडवीत जहाजांवर कसिनो येऊ दिले आणि फेब्रुवारी २०२० पासून गोव्याच्याच लोकांना त्यात मज्जाव केला. आपले सोडून इतरांनी हरावे, हा धोरणाचा प्रामाणिक म्हणावा असा भाग.

मोबाइलवरच्या पैशाच्या खेळांचे प्रकरण ऑगस्ट २०२५ मध्ये दिल्लीत कायदा करून निकालात काढले गेले. दरवर्षी ४५ कोटी लोक सुमारे २० हजार कोटी रुपये हरतात, असा सरकारचा अंदाज होता. असे खेळ चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटीपर्यंत दंड ठेवला गेला. खेळणारा गुन्हेगार नाही, तो फसलेला आहे, असे सरकारने सांगितले आणि त्याला शिक्षा ठेवली नाही. दंडाची रक्कम सरकारजमा होते. फसलेल्याने आपले पैसे परत कुठे मागावेत याचे कलम त्या कायद्यात नाही.