कमरेची पेटी : इन्सुलिन पंपाची कथा

तुमच्यापैकी ज्यांच्या शेतात ठिबक बसवले आहे, त्यांना एक गोष्ट मी नव्याने सांगायला नको. ठिबक आले म्हणजे काम संपले, असे होत नाही. पूर्वी पाळीचे पाणी असे, रात्री-बेरात्री उठून दारे धरावी लागत. ते कष्ट गेले आणि त्यांच्या जागी दुसरे आले. फिल्टर धुवा, नळी उंदराने कुरतडली का ते पाहा, ड्रिपर क्षाराने बुजला का ते पाहा. पाणी वाचले, पीक सुधारले, पण डोळ्यांत तेल घालून बघणे काही चुकले नाही.

आज ज्या यंत्राचा इतिहास तुमच्यापुढे मांडणार आहे, तेही असेच एक ठिबक आहे. फरक इतकाच, की ते माणसाच्या कमरेला बांधलेले असते. त्याचे नाव इन्सुलिन पंप.

मधुमेह आपल्याला अपरिचित नाही. आयुर्वेदाच्या जुन्या ग्रंथांनी हे नाव दिले आणि रोग्याच्या मूत्राकडे मुंग्या धावतात, हे लक्षणही नोंदवून ठेवले. पण मधुमेह म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे पन्नाशीचे गृहस्थ येतात. त्याचा दुसराही एक प्रकार आहे, आणि तो बहुधा लहान वयात गाठतो. पोटात जठराच्या मागे स्वादुपिंड नावाचा अवयव असतो. त्यातल्या काही पेशी इन्सुलिन नावाचा रस थेट रक्तात सोडतात, म्हणून खाल्लेली साखर शरीराच्या कामी येते. या दुसऱ्या प्रकारात त्या पेशीच नष्ट होतात. यात मुलाचा दोष नाही, आईबापांचाही नाही. गोड खाल्ल्याने हा रोग झाला, असे म्हणणारे शेजारी असतात. त्यांचे म्हणणे खरे नव्हे.

शंभर वर्षांपूर्वी अशा मुलांचे काय होई? डॉक्टरांपाशी एकच उपाय होता, उपासमार. अमेरिकेत डॉ. फ्रेडरिक ॲलन यांनी तो पद्धतशीर चालवला. एलिझाबेथ ह्यूज नावाची एका बड्या मंत्र्याची मुलगी 1919 पासून त्यांच्या उपचारात होती. 1922 च्या ऑगस्टात ती पंधरा वर्षांची होत असताना तिचे वजन जेमतेम वीस किलो भरत होते. उपाशी राहून मरण थोडे लांबवायचे, एवढेच काय ते औषध.

ही कोंडी कॅनडातील टोरंटो शहरात फुटली. 1921 च्या उन्हाळ्यात डॉ. फ्रेडरिक बँटिंग आणि चार्ल्स बेस्ट यांनी प्राध्यापक मॅक्लिऑड यांच्या प्रयोगशाळेत कुत्र्यांवर प्रयोग करून स्वादुपिंडाचा अर्क काढला. 11 जानेवारी 1922 रोजी तो लेनर्ड थॉम्प्सन या चौदा वर्षांच्या मुलाला टोचला. पण अर्क अशुद्ध होता. टोचल्या जागी गळू झाले आणि गुणही फारसा आला नाही. मग जेम्स कॉलिप यांनी तो शुद्ध केला, आणि 23 जानेवारीला पुन्हा टोचला तेव्हा मुलाची साखर उतरली. लेनर्ड त्यानंतर तेरा वर्षे जगला. एलिझाबेथ तर पुढे संसार करून 1981 पर्यंत जगली. शोधकांनी पेटंटाचे हक्क विद्यापीठाला दिले ते एकेका डॉलरला. प्राण वाचवणाऱ्या वस्तूवर कोणाची मिरासदारी नसावी, हा त्यामागचा विचार.

आता तुम्ही म्हणाल, औषध सापडले, गोष्ट संपली. खरी कटकट तिथूनच सुरू झाली. काचेची सिरिंज रोज उकळायची, बोथट झालेली सुई दगडावर घासायची, दिवसातून दोन-तीनदा टोचून घ्यायचे. आणि मुख्य अडचण वेगळीच होती. निरोगी स्वादुपिंड इन्सुलिन थेंबाथेंबाने, रात्रंदिवस सोडत असते, आणि जेवणाच्या वेळी थोडे जास्त सोडते. सुईने ते एकदम ढकलले जाते. म्हणजे पाटाचे पाणी, कधी वाफा तुडुंब तर कधी कोरडा. 1936 मध्ये डेन्मार्कच्या हागेडोर्न यांनी सावकाश उतरणारे इन्सुलिन तयार केले. त्याने टोचणी कमी झाली, पण ताळमेळ साधला नाही.

मग थेंबाथेंबाने देणारे यंत्रच का करू नये? 1960 नंतरच्या पहिल्या वर्षांत लॉस एंजेलिसचे डॉ. अर्नोल्ड कॅडिश यांनी ते केलेही. पण ते शिपायाच्या पाठीवरच्या पिशवीएवढे होते! ते घेऊन कोण शाळेत जाणार, कोण बाजार करणार? 1970 नंतरच्या दशकात डीन केमेन या अमेरिकन संशोधकाने अंगावर वागवता येईल असे यंत्र बनवले. 1978 मध्ये लंडनच्या गाईज हॉस्पिटलातील जॉन पिकअप, हॅरी कीन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिले, की बारीक नळीने कातडीखाली सतत इन्सुलिन सोडले तर साखर ताळ्यावर येते. पुढच्याच वर्षी अमेरिकेतील येल विद्यापीठातूनही तसाच निर्वाळा आला.

तरीही एक शंका उरलीच. एवढा खटाटोप करून पदरात काय पडते? तिचे उत्तर द्यायला दहा वर्षे लागली. 1983 ते 1993 या काळात अमेरिका आणि कॅनडात 1,441 रुग्णांवर एक मोठी पाहणी झाली. पंपाने किंवा दिवसातून तीन-चारदा टोचून ज्यांनी साखर काटेकोर राखली, त्यांच्यात डोळ्यांच्या विकाराचा धोका 76 टक्क्यांनी कमी झाला, मूत्रपिंडाचा 50 आणि मज्जातंतूंचा 60 टक्क्यांनी. मात्र साखर एकाएकी फार खाली जाण्याचे गंभीर प्रसंग तिपटीच्या घरात गेले. नफा मोठा, पण जोखीमही पदरात घेऊनच.

आता या यंत्राबरोबर एक दिवस काढून पाहू या. पेटी साधारण पत्त्यांच्या कॅटाएवढी. आत औषधाची छोटी कुपी, तिला नळी, आणि नळीचे टोक पोटाच्या किंवा मांडीच्या कातडीखाली चिकटपट्टीने बसवलेले. ते दर दोन-तीन दिवसांनी काढून नव्या जागी बसवायचे. एकाच जागी पुन्हापुन्हा बसवले तर कातडीखाली गाठी येतात आणि औषध नीट शोषले जात नाही. उन्हाळ्यात घामाने पट्टी सुटते, कातडीला खाज येते. दाराच्या कडीत नळी अडकून हिसका बसतो आणि सगळे उपटून हाती येते. झोपेत कूस बदलली की नळी मुडपते, आणि रात्री दोन वाजता पेटी ओरडू लागते.

हे औषध मोजतात ते युनिटात, आणि पंपातल्या औषधाचे शंभर युनिट एका मिलीलिटरात मावतात. म्हणजे तासाला एक युनिट सोडायचे तर तो मिलीलिटरचा शंभरावा भाग झाला. नळीत हवेचा लहानसा बुडबुडा शिरला, तरी तेवढ्या वेळाचे औषध चुकते. शिवाय पंपात फक्त झटपट उतरणारे इन्सुलिन असते, अंगात शिलकी साठा काही राहत नाही. पुरवठा तुटला तर थोड्याच तासांत रक्तात आम्ल साचू लागते, आणि वेळेवर उपाय झाला नाही तर ते जिवावर बेतते. म्हणूनच पंप वापरणाऱ्याच्या पिशवीत सुई आणि इन्सुलिनची कुपी नेहमी असावी लागते. ज्या सुईच्या जाचातून सुटायला यंत्र आणले, तीच सुई सोबत बाळगायची!

हिशेब तर सुटतच नाही. भाकरी किती, भात किती, आज खेळाचा तास आहे का, काल ताप होता का, सगळे मोजून बटण दाबायचे. मोजले बरोबर आणि साखर आली भलतीच, असेही होते. मग घरचे माणूस विचारते, “काय खाल्लेस रे?” त्या एका प्रश्नाने मुलाच्या मनाला जे लागते, ते सुईपेक्षा जास्त दुखते.

यंत्रे सुधारत आहेत, हे खरे. कातडीखालची साखर सतत मोजणारी तबकडी आली. 2016 मध्ये अमेरिकेत अशा पंपाला मान्यता मिळाली, की जो त्या तबकडीचे आकडे पाहून थेंब स्वतः कमी-जास्त करतो. पण जेवणाचा हिशेब त्यालाही सांगावाच लागतो. आणि झोपेत तबकडी अंगाखाली दाबली गेली, तर साखर उतरल्याची खोटी हाकाटी होते. कष्ट कमी झाले, राखण मात्र संपली नाही.

आपल्याकडे पंपाची किंमत लाखांच्या घरात जाते, वर नळ्या आणि कुप्यांचा खर्च महिन्याच्या महिन्याला. म्हणून आपली बहुतेक मुले अजून सुईवरच आहेत. त्यांनी एक गोष्ट कटाक्षाने सांभाळावी. आपल्या देशात मिलीलिटरला चाळीस युनिटांच्या कुप्याही मिळतात आणि शंभरच्याही. कुपी एका मापाची आणि सिरिंज दुसऱ्या मापाची झाली, की मात्रा अडीचपट चुकते. फ्रीज नसेल तर पाण्याने ओल्या राहणाऱ्या मडक्यात, पाणी आत शिरणार नाही अशा बेताने, कुपी गारव्याला ठेवता येते.

गुरुजींना आणि बाईंना दोन शब्द सांगून पुरे करतो. वर्गात एखाद्या मुलाच्या कमरेला पेटी दिसली तर तिला खेळणे समजू नका, आणि वाजली म्हणून काढून ठेवायला लावू नका. मूल एकाएकी घामाघूम झाले, थरथरू लागले, असंबद्ध बोलू लागले, तर ते साखर उतरल्याचे लक्षण. तीन चमचे साखर पाण्यात घालून लगेच पाजा आणि त्याला एकटे सोडू नका. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काही घालू नका, तडक दवाखाना गाठा. उलट, सारखी तहान, सारखी लघवी, पोटदुखी आणि ओकाऱ्या दिसल्या तर ‘अपचन असेल’ म्हणून सोडून देऊ नका; औषध पोचत नसण्याची ती खूण असू शकते. आणि तासाला मध्येच खाण्याची किंवा बाहेर जाण्याची परवानगी मागितली, तर चारचौघांत कारण विचारू नका.

बँटिंग यांचा जन्म 14 नोव्हेंबर 1891 चा. त्यांच्या स्मरणार्थ तो दिवस जगभर मधुमेह दिन म्हणून पाळतात. आपल्याकडे त्याच दिवशी बालदिन असतो, हा योगायोग मला मोठा अर्थपूर्ण वाटतो. पुढच्या बालदिनाला फुगे फुगवाल, खाऊ वाटाल, तेव्हा कोपऱ्यात बसून मनातल्या मनात आकडेमोड करणारे एखादे मूल असेल, त्याच्याकडे जरा पाहा. त्याला कीव नको असते. आपल्याजवळची माणसे जाणती आहेत, एवढा भरवसा मिळाला तरी त्याचा दिवस हलका होतो.