जुनं टोक, नवं टोक : क्षयाच्या जंतूच्या वाढीची गोष्ट

तत्त्वज्ञान शिकवण्यात हयात घालवलेल्या माणसानं जंतूंच्या वाटेला कशाला जावं, असं आजचा विषय वाचून काहींना वाटलं असेल. पण आम्ही जातो आहोत ते एका जुन्या तात्त्विक प्रश्नाचं बोट धरूनच. एकाचे दोन झाले, तर त्यातला मूळचा कोणता?

'मिलिंदप्रश्न' या पाली ग्रंथात दिव्याच्या ज्योतीवरून अशीच चर्चा आहे. पहिल्या प्रहरीची ज्योत आणि शेवटच्या प्रहरीची ज्योत एकच की वेगळी? युरोपात हा प्रश्न जीवशास्त्रानं उचलला. १८८१ साली ऑगस्ट वाइसमान या जर्मन प्राणिशास्त्रज्ञानं मांडलं की, एकपेशीय जीवाला आपल्यासारखं नैसर्गिक मरण नाही. तो दुभंगतो, दोन होतात, मागे प्रेत उरत नाही. मग मेलं कोण? युक्तिवाद देखणा आहे. मात्र त्याच्या पोटात एक गृहीतक आहे : दुभंगून झालेले दोघं सारखेच, दोघंही सारखेच ताजे.

पुढच्याच वर्षी, २४ मार्च १८८२ रोजी, बर्लिनमध्ये रॉबर्ट कॉखनं क्षयाचा जंतू जाहीर केला. या शोधाचं वर्णन करताना रंगाची युक्ती सगळे सांगतात. त्याच्या चिकाटीबद्दल कमी बोललं जातं. इतर जंतू एक-दोन दिवसांत डोळ्यांना दिसू लागतात. हा मात्र गोठवलेल्या रक्तद्रवावर दुसऱ्या आठवड्यात कुठे दिसायला लागे. आपल्या आतड्यातला ई. कोलाय चांगलं खाद्य मिळालं तर वीस मिनिटांत दुप्पट होतो; क्षयाच्या जंतूला त्यासाठी जवळजवळ अख्खा दिवस लागतो. त्याच कुळातला कुष्ठरोगाचा जंतू तर बारा-चौदा दिवस घेतो, आणि काचेच्या भांड्यात तो आजही कुणाला वाढवता आलेला नाही.

त्यानंतर जंतूंच्या वाढीचा अभ्यास फार पुढे गेला. पण तो गर्दीचा अभ्यास होता, बरं का. १९४९ साली जाक मोनोनं वाढीच्या आलेखावर जो प्रसिद्ध लेख लिहिला, त्यातला आलेख कोट्यवधी जंतूंचा मिळून आहे. सरासरी हे मोठं उपयोगी हत्यार आहे, त्याबद्दल आमची तक्रार नाही. फक्त सरासरी नावाचा जंतू कुठे नसतो, एवढं लक्षात ठेवायचं.

याची पहिली ठसठशीत खूण १९४४ सालीच मिळाली होती. डब्लिनच्या जोसेफ बिगरनं स्टॅफिलोकॉकस जंतूंवर पेनिसिलीन घातलं. बहुतेक सगळे मेले, थोडेसे उरले. उरलेल्यांची प्रजा वाढवून तिच्यावर पुन्हा औषध घातलं, तर तीही पहिल्यासारखीच मेली, पुन्हा थोडे उरले. म्हणजे हे जंतू औषधाला सरावलेले नव्हते, त्यांचं बियाणं बदललं नव्हतं. सगळे एका वाणाचे, आणि तरी काही वेगळे. का?

क्षयाच्या कुळातल्या जंतूंपुरतं या 'का'चं एक उत्तर त्यांच्या वाढण्याच्या पद्धतीत सापडलं. ई. कोलाय ही बारीक काठी आहे आणि ती अंगभर, म्हणजे कुशीकुशीनं लांबते. मायकोबॅक्टेरियमही काठीच, पण ती टोकांनी वाढते. आता ती मधोमध दुभंगली की प्रत्येक लेकीला एक टोक आईकडून आलेलं जुनं मिळतं आणि दुसरं, जिथे चिरा पडली तिथलं, कोरं. जुन्या टोकाकडे वाढीची सामग्री तयारच असते, ते लगेच कामाला लागतं. नवं टोक रेंगाळतं. २०१२ साली ब्री आल्ड्रिज आणि सहकाऱ्यांनी, क्षयाच्या जंतूचा निरुपद्रवी भाऊ स्मेग्मॅटिस याची एकेक पेशी सूक्ष्मदर्शकाखाली वाढताना पाहिली आणि दाखवलं की दोन लेकी सारख्या नसतात, आणि औषधापुढेही सारख्या वागत नाहीत. नवं टोक अजिबात वाढत नाही की उशिरा वाढतं, यावर पुढे चांगला वाद झाला. विज्ञानातले असे वाद आम्हाला आवडतात. ते डोळ्यांनी बघून मिटवता येतात. आमच्या विषयात तसं नाही.

२०१७ साली हेस्पर रीगो, रिबेका ऑडेट आणि एरिक रुबिन यांनी पुढचं पाऊल टाकलं. विभाजनाच्या जागी काम करणारं लॅम-ए नावाचं एक प्रथिन आहे. ते नव्या टोकाची वाढ रोखून धरतं. त्याचा जनुक काढून टाकला तेव्हा नवं टोकही वाढू लागलं आणि पेशी एकमेकींसारख्या झाल्या. आणि मग रिफॅम्पिसिन व आणखी काही औषधांनी त्या जास्त वेगानं, जास्त एकसारख्या मेल्या. म्हणजे हा असमानपणा अपघाती नाही. जंतू तो स्वतः घडवतो, त्यासाठी प्रथिन राखून ठेवतो! वाइसमानचं गृहीतक इथे पार कोलमडतं.

यानं उपचार लांब का चालतात याचं सगळं कोडं सुटत नाही. फुफ्फुसातल्या गाठींमध्ये औषध नीट पोचत नाही, काही जंतू जवळजवळ निपचित पडून असतात, ही कारणंही आहेतच. पण महिन्या-दीड महिन्यात खोकला थांबतो, वजन वाढतं, आणि तरी गोळ्या सहा महिने का, याच्या उत्तराचा एक धागा इथे आहे. रोग्याला बरं वाटतं तेव्हा बहुसंख्य जंतू मेलेले असतात. औषध चालू ठेवायचं ते उरलेल्या थोड्यांसाठी.

हे रोग्याला कोण समजावून सांगतं? आपल्याकडे गोळ्या सुटल्या की दोष सरळ त्याच्या माथी. सरकारी कागदांवर वर्षानुवर्षं त्याला 'डिफॉल्टर' म्हटलं गेलं, कर्ज बुडवणाऱ्याला म्हणतात तोच शब्द. वास्तविक १९५६ साली मद्रासमध्ये सुरू झालेल्या चाचणीनं वेगळंच दाखवलं होतं. शहरातले गरीब रोगी निम्मे घरी, निम्मे सॅनिटोरियममध्ये ठेवून सर्वांना वर्षभर तीच औषधं दिली. दाटीवाटीच्या घरात, अपुऱ्या अन्नावर राहिलेले जवळजवळ तितकेच बरे झाले. मिरज-पाचगणीच्या हवेची महती ऐकत वाढलेल्या आमच्या पिढीला हे पटायला वेळच लागला. पण त्या घरच्या रोग्यांच्या मागे दवाखान्याची माणसं होती, गोळ्या फुकट होत्या, घरभेटी होत होत्या.

'डिफॉल्टर' हा शब्द जागतिक आरोग्य संघटनेनं आपल्या व्याख्यांमधून २०१३ साली काढला. त्या जागी आता 'पाठपुराव्यातून निसटलेला' अशा अर्थाचा शब्द आहे. निसटला म्हटलं की कुणाच्या हातून, हे विचारता येतं. ते इथल्या डॉक्टरमंडळींना विचारू. प्रश्नोत्तरांसाठी वेळ राखून ठेवला आहे.