पेल्याचा आकार आणि पाण्याची चव

बिअरची चव पेल्याच्या आकाराने बदलते काय, असा प्रश्न परदेशांत मोठ्या हौसेने चर्चिला जातो. माढ्याच्या व्याख्यानमालेत तो काढला तर मंडळी हसतील. पण हसण्यापूर्वी प्रत्येकाने आपल्या घरातील तांब्या, फुलपात्र आणि कपबशी यांच्याकडे एकवार पाहावे. प्रश्न आपलाही आहे, आणि त्याला आपल्याकडे मोठा इतिहास आहे.

प्रथम शास्त्र काय म्हणते ते पाहू. जिभेला गोड, आंबट, खारट, कडू अशा मोजक्याच चवी कळतात. बाकीची लज्जत नाक पुरवते. तोंडाशी निमुळता पेला वास कोंडून धरतो, पसरट भांडे तो उडू देते. उंच अरुंद पेल्यात बिअरचा फेस वर चढतो. इंग्लंडातील ब्रिस्टल येथील संशोधकांनी २०१२ साली असे दाखवले की, बाकदार पेल्यातील बिअर माणसे सरळ पेल्यातल्यापेक्षा लवकर संपवतात. बशीतला चहा पसरल्यामुळे लवकर निवतो, जीभ भाजत नाही. भोंग्याच्या धाकात असलेल्या गिरणीकामगाराने बशी उगीच जवळ केली नाही! तेव्हा आकाराने फरक पडतो, हे आम्हाला मान्य आहे.

परंतु आपल्या समाजाने भांड्याकडे पाहिले ते चवीच्या दृष्टीने थोडे आणि विटाळाच्या दृष्टीने फार. तांब्याचा गळा आवळलेला, काठ बाहेर वळलेला; त्यातून पाण्याची धार नेमकी पडते आणि ओठ न लावता वरून पिता येते. उष्ट्याची भीती बाळगणाऱ्या समाजाला हा आकार सोयीचा पडला.

१८९० च्या ऑक्टोबरात पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये चहा दिला गेला. न्यायमूर्ती रानडे, लोकमान्य टिळक, गोखले यांच्यासारखी मंडळी हजर होती. कोणी चहा घेतला, कोणी कपाला नुसता हात लावला. गोपाळराव जोशी यांनी नावे छापवली आणि ग्रामण्य उभे राहिले. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले, प्रायश्चित्ते झाली. चहा कडक होता की पांचट, हे मात्र कोणीही विचारले नाही.

हे झाले वरच्या थरातले. खालच्या थरात भांडेच नाकारले जाई. गिरण्यांत अस्पृश्य कामगारांचे पाणी निराळे असे. विणाई खात्यात मजुरी अधिक, पण तेथे धोट्यातून सूत तोंडाने ओढून घ्यावे लागे. एकाच्या ओठाचा धोटा दुसऱ्याने तोंडाला कसा लावावा, या सबबीवर त्यांना ते खाते बंद होते. १९२८ च्या मुंबईच्या संपाच्या वेळी डॉ. आंबेडकरांनी हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांपुढे रोखठोक मांडला. कामगारांची एकजूट म्हणणाऱ्या आम्हा चळवळवाल्यांनी हे पान कधी उलटून टाकू नये. विटाळाची किंमत येथे थेट पगारातून कापली जात होती.

याच्या उलट उदाहरण कोल्हापूरचे. शाहू छत्रपतींच्या कारकीर्दीत, म्हणजे १८९४ ते १९२२ या काळात, गंगाराम कांबळे यांनी महाराजांच्या पाठिंब्याने तेथे चहाचे हॉटेल काढले. स्पृश्य गिऱ्हाईक फिरकेना, तेव्हा महाराज स्वतः तेथे गाडी थांबवून चहा घेत, बरोबरच्या मंडळींनाही पाजत. चहा तोच, कप तोच. पिणारा बदलला आणि त्या कपाची पत बदलली.

आणि २० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्यावर तर पेलाच नव्हता. बाबासाहेबांनी ओंजळीने पाणी घेतले, मागोमाग हजारो जणांनी घेतले. ओंजळीचा आकार जगातल्या सर्व माणसांत सारखाच असतो.

१९५५ साली अस्पृश्यतेविरुद्ध कायदा झाला. १९७६ पासून तो नागरी हक्क संरक्षण अधिनियम म्हणून ओळखला जातो. हॉटेलात ठेवलेली भांडी वापरण्यास अस्पृश्यतेच्या कारणावरून मज्जाव करणे हा त्यात गुन्हा आहे. कायद्याला कपबशीची दखल घ्यावी लागली, यावरून रोग किती खोल होता ते कळते.

तेव्हा पेला निमुळता असो वा पसरट, शास्त्रज्ञांनी त्याचा अभ्यास अवश्य करावा. आपण मात्र एवढे पाहावे की, आपल्या गावात, आपल्या घरात, कोणासाठी वेगळा पेला फडताळाच्या कोपऱ्यात ठेवलेला नाही ना. तो असेल तोवर कोणत्याही आकाराच्या भांड्यातले पाणी कडूच लागणार.