शांत इंजिनाचा गोंगाटी ट्रक

सैन्यानं मोडीत काढलेली वाहनं लिलावात विकत घ्यायची आणि सुट्टीच्या दिवशी ती दुरुस्त करत बसायचं, अशी हौस असणारी बरीच माणसं अमेरिकेत आहेत. त्यांच्या आवडीचा एक ट्रक म्हणजे एम-३५. रस्ता नसलेल्या जागीही अडीच टन माल नेणारा, म्हणून सैनिकांनी या वर्गातल्या ट्रकांना 'ड्यूस अँड अ हाफ', म्हणजे 'दोन आणि अर्धा', असं नाव ठेवलेलं. मिशिगनमधल्या रिओ कंपनीनं १९५० साली तो बनवायला सुरुवात केली आणि पुढची कित्येक दशकं तो सैन्यात राहिला. हौसेनं तो घरी आणणाऱ्याची पहिली तक्रार मात्र ठरलेली असते: चालत्या ट्रकमध्ये शेजारच्या माणसाशी बोलता येत नाही!

गंमत अशी, की या ट्रकच्या सर्वांत प्रसिद्ध इंजिनात ज्या पद्धतीनं इंधन जळतं, ती पद्धत डिझेल इंजिनाचा आवाज कमी करणारी म्हणूनच नावाजली गेली होती.

त्यासाठी आधी जर्मनीत जायला हवं. रुडॉल्फ डिझेलनं ज्या कारखान्यात १८९७ साली आपलं इंजिन यशस्वीपणे चालवून दाखवलं, त्याच कारखान्याची वारस म्हणजे एम.ए.एन. ही कंपनी. (आपल्याकडे जबलपूरला बनलेला लष्कराचा 'शक्तिमान' ट्रक याच कंपनीच्या परवान्यावर तयार होत असे.) डिझेल इंजिनाची ठकठक कशामुळे होते हे आपण स्वयंपाकघरात पाहिलेलं असतं. गॅसचं बटण फिरवलं आणि काडी ओढायला उशीर झाला, की 'भप्प' असा आवाज होतो. तेवढ्या वेळात साठलेला गॅस एकदम पेटतो. डिझेल इंजिनात ठिणगी नसते. दट्ट्यानं दाबून तापवलेल्या हवेत इंधनाचा फवारा सोडतात आणि ते आपोआप पेटतं. पण पेटायला किंचित वेळ लागतो. त्या वेळात आत आलेलं इंधन साठतं, एकदम जळतं, दाब झटक्यात चढतो आणि सगळं इंजिन घणाचा घाव बसावा तसं वाजतं.

एम.ए.एन.मधले इंजिनियर झीगफ्रीड मॉयरर यांनी १९५० च्या दशकात यावर वेगळाच मार्ग काढला. दट्ट्याच्या डोक्यात त्यांनी चेंडूच्या आकाराची पोकळी ठेवली आणि बहुतेक इंधन हवेत न फवारता त्या पोकळीच्या भिंतीवर पातळ थरासारखं पसरवलं. थोडंसंच इंधन हवेत मिसळून आधी पेटतं. बाकीचं भिंतीच्या उष्णतेनं थराथरानं वाफ होत, आत घुमणाऱ्या हवेबरोबर जळत जातं. दाब चढतो, पण चढावरून चालावं तसा, उडी मारल्यासारखा नाही. या इंजिनांना जर्मनीत 'कुजबुजणारी इंजिनं' म्हणत.

याच गुणातून दुसरा गुण निघाला आणि सैन्यांचं लक्ष तिकडे गेलं. पेट्रोल साध्या डिझेल इंजिनात घातलं तर ते आपोआप पेटायला फार वेळ लावतं, म्हणजे साठा मोठा आणि दणकाही मोठा. पण मुळात साठूच दिलं नाही तर? मग डिझेल, रॉकेल, विमानाचं इंधन, अडचणीला पेट्रोलसुद्धा चालतं. युद्धात जे मिळेल ते टाकीत ओतता यावं, हे सेनाधिकाऱ्यांचं जुनं स्वप्न. अमेरिकेत कॉन्टिनेंटल कंपनीनं ही पद्धत परवान्यावर घेतली आणि १९६० च्या दशकात एम-३५ मध्ये बहुइंधनी इंजिन आलं. सहा सिलिंडर, ७.८ लिटर, संपीडनाचं गुणोत्तर २२:१. इंधन पातळ की दाट हे ओळखून त्याचं प्रमाण बदलणारं एक यंत्रही त्याच्या पंपावर होतं.

मग गोंगाट आला कुठून? ज्वलनाचा दणका कमी झाला, पण बाकी सारं तसंच राहिलं. धुराची नळी केबिनच्या बाजूनं सरळ वर गेलेली, बहुतेक ट्रकांत सायलेन्सरशिवाय. दहा चाकं, त्यांपैकी कोणत्याही दिशेला सारखीच पकड देणाऱ्या जाड नक्षीच्या टायरांची डांबरी रस्त्यावरची घरघर. गियरच्या पेट्यांचं किंचाळणं. केबिनला छप्पर कापडी. आणि पुढे धूर कमी व्हावा म्हणून इंजिनाला टर्बोचार्जर जोडला, त्याची शिट्टी तर इतकी खणखणीत, की त्यावरून या ट्रकांना 'शिट्टीवाले' असं नाव पडलं.

हौशी माणूस इथे हमखास एक चूक करतो. शिट्टी सर्वांत जास्त बोचते, म्हणून तो केबिनला आतून स्पंजचे जाड थर लावतो. शिट्टी कमी होते, आणि तिच्यामागे दडलेली घुमणारी घरघर उघडी पडते. असं का व्हावं? इंजिन मिनिटाला २६०० फेरे घेत असेल तर सहा सिलिंडरांत दर फेऱ्याला तीन स्फोट, म्हणजे सेकंदाला १३०. हवेत या ध्वनीची तरंगलांबी सुमारे अडीच मीटर! दोन सेंटिमीटरचा स्पंज तिला जाणवतही नाही. उलट टर्बोचं चाक सेकंदाला हजार फेरे घेतं आणि त्याला दहा पाती आहेत असं मानलं, तर वारंवारता दहा हजार आणि तरंगलांबी साडेतीन सेंटिमीटरच्या आत. तिला स्पंज सहज गिळतो. घरघरीवर उपाय एकच: नळीला योग्य मापाचा सायलेन्सर, आणि पत्र्याला जड रबराचा थर. जड भिंत हलवायला ध्वनीला कष्ट पडतात.

आकड्यांनी पाहू. समजा धुराच्या नळीचा आवाज १०० डेसिबल, गियरचा ९५ आणि शिट्टीचा ९०. तिघांची बेरीज २८५ होत नाही, १०१.५ होते, कारण डेसिबल हे लॉगॅरिथमचं माप आहे. शिट्टी पूर्ण बंद केली तरी उरतात १०१.२. नळीचा आवाज मात्र १५ नं उतरवला तर एकूण ९६.५ वर येतो. या पाच डेसिबलना हसू नका. कामगारांच्या आरोग्याची पाहणी करणाऱ्या अमेरिकी संस्थेच्या १९९८ च्या शिफारशीप्रमाणे ८५ डेसिबलमध्ये दिवसाला आठ तास राहावं, आणि पुढे दर तीन डेसिबलला वेळ निम्मा करावा. १०० डेसिबलला पंधरा मिनिटं उरतात! कानातल्या केसपेशी एकदा मेल्या की पुन्हा उगवत नाहीत. म्हणून कानात बोळे घालून ट्रक चालवणाऱ्याला भित्रा म्हणणाऱ्यांचं मला नवल वाटतं.

आणखी एक गोष्ट वर्गात करून दाखवता येईल. वाजतं गजराचं घड्याळ पत्र्याच्या डब्यात कापडावर ठेवा, झाकण घट्ट लावा, मग जरासं सरकवा. आवाज फटीतून कसा उसळतो ते ऐका. भिंतीचा शंभरावा भाग उघडा राहिला तर बाकीची भिंत कितीही जाड असो, वीस डेसिबलपेक्षा जास्त घट मिळत नाही. जुन्या ट्रकच्या केबिनला पेडलांच्या, दांड्यांच्या, तारांच्या फटी भरपूर. आधी त्या बुजवायच्या, रबर नंतर.

पण या सगळ्याआधी ब्रेक. एम-३५ च्या या पिढीत ब्रेकच्या तेलाचा मार्ग सर्व चाकांना मिळून एकच आहे. एक नळी फुटली की सहा टनांच्या ट्रकचा पायाचा ब्रेक सगळ्याच चाकांवरून जातो. शिवाय १९८० च्या दशकात अमेरिकी सैन्यानं नेहमीचं ब्रेक तेल सोडून सिलिकोनचं वापरायला घेतलं. ही दोन तेलं एकमेकांत मिसळत नाहीत, म्हणून टाकीत काय आहे हे न पाहता वर ओतणं धोक्याचं. सैन्याला देखभालीचं महत्त्व माहीत होतं. १९५१ पासून ते सैनिकांसाठी चित्रकथांतून देखभाल शिकवणारं 'पी.एस.' नावाचं मासिक काढत आणि त्याची चित्रं पहिली वीस वर्षं विल आइस्नर या नामवंत व्यंगचित्रकाराच्या हाताखाली होत. नळीचा गंज किंवा बेअरिंगची कुरकुर वेळेत ओळखायला शिकवणं हेच त्याचं काम. केबिन फार शांत केली तर ती कुरकुर ऐकू कशी येणार, हा प्रश्न जुने मेकॅनिक विचारतात आणि तो खोटा नाही.

१९९० च्या दशकात सैन्यानं काही हजार ट्रक नवे करून घेतले तेव्हा बहुइंधनी इंजिन काढून साधं डिझेल बसवलं. भिंतीवर इंधन पसरण्याची पद्धत मागे पडली, कारण थंड भिंतीवर इंधन नीट जळत नाही आणि वाया जातं. आजची डिझेल इंजिनं ठकठक कमी करतात ती दुसऱ्या तऱ्हेनं: आधी थेंबभर इंधन, मग उरलेलं. थोडं आधी पेटू द्यायचं हे तत्त्व मात्र मॉयररांच्या इंजिनातही होतंच.

टर्बोची पुढची आवृत्ती कमी वाजणारी निघाली. शांतता हवी असणारे हौशी लोक ती शोधून बसवतात. आणि त्यांनी काढलेली जुनी, शिट्टी वाजवणारी टर्बो विकत घ्यायला दुसरे हौशी तयारच असतात.