सातबाऱ्यावर मोजलेली घरं

ऑगस्ट 2025 मध्ये नांदेड जिल्ह्यातल्या मुखेड तालुक्यात हसनाळ, रावणगाव ही गावं पाण्यात गेली. ती बातमी लातूरला आमच्या डाळमिलमध्ये पोचली तेव्हा एक म्हातारा हमाल पोतं खाली ठेवून म्हणाला, "पाणी उतरंल रं. मग मापं काढायला येतील. ती मापं बघा." म्हातारा किल्लारीकडचा. मापाचं त्याला ठाऊक होतं. मला नव्हतं, तेव्हा मी जन्मलोही नव्हतो. विचारत गेलो, वाचत गेलो. ते इथं मांडतो.

दोस्तहो, 29 सप्टेंबर 1993 ला अनंत चतुर्दशी होती. गणपती बुडवून माणसं उशिरा झोपली. 30 तारखेला पहाटे 3 वाजून 56 मिनिटांनी जमीन हलली. लातूर आणि उस्मानाबाद, म्हणजे आताचा धाराशिव, या दोन जिल्ह्यांत सरकारी मोजणीनं 7,928 माणसं मेली.

त्यांना मारलं ते घरांनी. दगड आणि चिखलाच्या दोन-दोन, तीन-तीन फूट जाड भिंती. वर लाकडावर मातीचं जड माळवद. भिंत फुटली की सगळं अंगावर. कुडाच्या, गवताच्या हलक्या झोपडीत निजलेली माणसं त्यामानानं वाचली. पुरातही हाच चिखल दगा देतो. भूकंपात तो दगड धरून ठेवत नाही, पाण्यात विरघळून जातो.

मग पुनर्वसन आलं. जागतिक बँकेचं कर्ज आलं, देणगीदार आले. 52 गावं उठवून नव्या जागी वसवायची ठरली. आणि घराचं माप ठरलं जमिनीवर. भूमिहीनाला आणि एक हेक्टरपर्यंत जमीन असणाऱ्याला 250 चौरस फूट. त्यावर सात हेक्टरपर्यंत 400. सातच्या वर 750.

भूकंपानं कुणाचा सातबारा बघितला नव्हता. कागदानं पुन्हा सातबारा उघडला.

कुणी म्हणेल, बागायतदाराला बैल असतात, धान्य ठेवायला जागा लागते. बरोबर आहे. त्यासाठी गोठा द्या, कोठार द्या. पण घर माणसांच्या निजण्यासाठी असतं. सालगड्याच्या घरात माणसं कमी असतात काय? आणि मराठवाड्यात भूमिहीन कोण, हे तुम्हाला सांगायला नको. पिढ्यान्‌पिढ्या ज्यांना जमीन मिळू दिली नाही, त्यांना जमीन नाही म्हणून लहान घर.

खरं ते सगळं सांगू. ती 250 फुटांची खोली पुष्कळांचं पहिलंच पक्कं घर होती. शिवाय 52 गावांबाहेर दीड लाखाहून जास्त घरं मालकांनी स्वतः उभं राहून दुरुस्त केली किंवा बांधली. भिंतीच्या आरपार जाणारे लांब दगड, कोपऱ्यांना मजबुती, वरून सिमेंट-लोखंडाची पट्टी. गावोगाव बाया संवाद सहायक झाल्या. काम बघायला, जाब विचारायला शिकल्या. हे शिकण्यासारखं आहे.

पण आपलं घर पडलं ते फक्त निसर्गानं नाही. 27 जुलै 1978 ला विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव झाला आणि नांदेड, परभणीकडं आपल्या वस्त्या जाळल्या गेल्या. टेंभुर्णीत पोचिराम कांबळे मारले गेले. नाव मिळालं 14 जानेवारी 1994 ला, किल्लारीनंतर साडेतीन महिन्यांनी. पाटीवर बाबासाहेबांचं नाव लागलं, त्याच सुमारास घरांचं माप जमिनीवर ठरत होतं.

म्हणून पूरग्रस्त गावात जाल तेव्हा नुसती भाकरी वाटून परत येऊ नका. पंचनाम्याला उभे राहा. गायरानावरचं खोपट यादीत आहे काय? ग्रामपंचायतीच्या नमुना आठवर नोंद आहे काय? नवी जागा उंचावर आहे, की आपल्या वाट्याला पुन्हा ओढ्याकाठ? जोतं पुराच्या खुणेच्या वर आहे काय? घरावर बाईचं नाव आहे काय?

आणि टेप धरणाऱ्याला विचारा, हे माप माणसांचं हाय का जमिनीचं?